मिल्काबाईंचा सेफेर

गुरुवारी सकाळचे नऊ वाजून गेले तरी आंध्रातली माणसं आली नव्हती. मिल्काबाई झिराडकर माळीवाड्याच्या मागच्या गल्लीत, प्रार्थनेच्या जागेच्या पायरीवर उभ्या होत्या. गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येक रिक्षाकडे त्या बघत होत्या आणि मनातल्या मनात चरफडत होत्या.

"भाऊजी, तुम्ही त्यांना फोनवर नक्की काय सांगितलंत?" त्यांनी आत तोंड करून विचारलं.

आत बाकावर त्यांचे मोठे दीर हायम झिराडकर बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावर काळी टोपी, हातात काठी. "काय सांगायचंय? स्टेशनवर उतरा, रिक्षा करा आणि म्हणा, मशीद."

"मशीद म्हणालात?"

"मग काय म्हणू? देऊळ?"

मिल्काबाईंनी कपाळाला हात लावला. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी यहुदी. त्यांच्या घरांत प्रार्थनेच्या जागेला पिढ्यान्‌पिढ्या मशीदच म्हणत आले. त्यांच्या आजे-पणज्यांनी कोकणातून वर येताना पोह्यांच्या गाठोड्याबरोबर हा शब्दही आणला आणि तो घरात तसाच राहिला. पण नगरच्या रिक्षावाल्याला हे कोण समजावणार? गावात खऱ्याखुऱ्या मशिदी किती आहेत हे भाऊजींना ठाऊक नव्हतं असं नाही, जन्म इथेच गेला होता त्यांचा. मिल्काबाई चार दिवस सांगत होत्या, मी मोबाईलवर लोकेशन पाठवते. तर म्हणाले, लोकेशन कशाला, नगर म्हणजे काय मुंबई आहे?

आणि उशीर झालेला चालणार नव्हता. आज दुपारचे बारा वाजायच्या आत, सकाळच्या प्रार्थनेची वेळ संपण्यापूर्वी, कपाटातला सेफेर निघून टेबलावर उलगडला जायला हवा होता. सेफेर म्हणजे तोरा, यहुद्यांचा धर्मग्रंथ, पण छापलेली नव्हे. कातड्यावर हातानं लिहिलेली, दोन दांड्यांना गुंडाळलेली. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळच्या प्रार्थनेत ती वाचायची, आणि वाचायला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर सेफेर कपाटातच राहतो. नगरात दहा पुरुष जमून सेफेर उघडल्याला अकरा वर्षं झाली होती. आज तो शेवटचा इथे वाचायचा आणि आंध्रातल्या माणसांच्या हाती सोपवायचा, असं ठरलं होतं. ती माणसं दोन वाजता दौंडच्या गाडीसाठी निघणार. नाही निघाली तर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरी पोचणार नाहीत, आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागल्यावर प्रवास करायचा नाही.

मिल्काबाईंनी हिशेब पक्का केला होता. पुण्याहून मोझेस पेझारकर गाडी भरून येणार, त्याच्यासकट पाच. श्रीगोंद्याच्या बाजूला साखर कारखान्यात केमिस्ट असलेला सॅमसन, सहा. हायमभाऊजी, सात. आंध्रातले तिघं, दहा. पुण्याचे पाच आणि सॅमसन साडेआठलाच आले होते आणि चहा पिऊन दुसऱ्यांदा चहाकडे बघत होते.

शेजारची जया सकाळी सहापासून त्यांच्याबरोबर होती. तिनंच सावेडीहून स्कूटरवर मिल्काबाईंना आणलं होतं, वर मलिद्याचं ताट गुडघ्यात धरायला लावून. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि कडेनं फळं. कुणी लांबच्या वाटेला निघालं की यांच्यात मलिदा करतात.

"काकू, तुमी बसा जरा," जया म्हणाली. "येत्याल. कुठंतरी नमाजाच्या रांगेत न्हेऊन बसवलं नसंल म्हंजे झालं."

"तू पण हस आता."

"हसत न्हाई. खोबरं जास्त झालंय, ते बगतीय."

मिल्काबाई एकविसाव्या वर्षी पेणहून लग्न होऊन नगरला आल्या, तेव्हा इथे अठरा घरं होती. नवरा नाथन एसटीत. त्या मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायच्या. तेहतीस वर्षं शिकवलं. तेहतीस वर्षं दर डिसेंबरात मुली येऊन म्हणायच्या, बाई, नाताळच्या शुभेच्छा. पहिली दहा वर्षं त्यांनी समजावलं की आम्ही ते नव्हे. पुढे नुसतं थँक यू म्हणू लागल्या. शनिवारची सकाळची शाळा असायची, म्हणून शब्बाथच्या दिवशी त्या पायी जायच्या, वाहनात बसायच्या नाहीत. फळ्यावर खडूनं लिहितानाही देवाची मनात माफी मागायच्या. यातलं कुणालाही कधी सांगितलं नाही.

एकेक घर उठून गेलं. कुणी इस्राएलला, कुणी ठाण्याला, कुणी वर. नाथन गेले तेव्हा कपाटाची किल्ली मिल्काबाईंकडे आली. खरं म्हणजे ती आधीपासून त्यांच्याकडेच होती, नाथनना ड्युटीतून वेळ कुठला. दर उन्हाळ्याच्या आधी कपाट उघडायचं, आतली धूळ टिपायची, वेखंडाच्या पुरचुंड्या बदलायच्या, सेफेर सावलीत वाऱ्याला ठेवायचा, उंदराचा माग काढायचा. हे सगळं त्यांनी केलं. वाचताना मात्र त्या मागच्या बाकावर. दहांत बाई धरत नाहीत. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. रीत आहे ती आहे.

तीन वर्षांपूर्वी सॅमसननं त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. आंध्रात समुद्राकडच्या कुठल्याशा गावात, पत्र्याच्या खोलीत, तेलुगू बोलणारी चाळीसेक घरं यहुदी म्हणून जगत होती. त्यांच्याकडे सेफेर नव्हता. त्यांनी हिब्रू पुस्तकाची पानं झेरॉक्स करून, एकाला एक चिकटवून, दोन लाकडी दांड्यांना गुंडाळली होती. वाचून झालं की लहानथोर त्या झेरॉक्सला हात लावून तो हात ओठाला लावत होती.

मिल्काबाईंनी तो व्हिडिओ त्या दिवशी पाच वेळा पाहिला. आपल्याकडे सेफेर आहे आणि माणसं नाहीत. त्यांच्याकडे माणसं आहेत आणि झेरॉक्स आहे. यात विचार करण्यासारखं काय आहे, हे त्यांना कळेना. पण भाऊजींनी तीन वर्षं विचार केला. ते एकटेच ट्रस्टी उरलेले. मधे परदेशातल्या कुठल्या संग्रहालयाचं पत्र आलं, काचेच्या पेटीत ठेवू म्हणून, तर भाऊजी तिकडेही झुकले होते. "काचेत ठेवायला ती काय वाघनखं आहेत?" असं मिल्काबाई म्हणाल्या आणि दोन महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत. शेवटी दिवाळीनंतर भाऊजींनी सही केली.

पावणेअकराला एक रिक्षा आली. मागून एक मोटारसायकल. मोटारसायकलवरच्या दाढीवाल्या गृहस्थांनी रिक्षातल्यांना उतरवून घेतलं आणि मिल्काबाईंना म्हणाले, "ताई, हे तुमचे पाहुणे. दोन तास आमच्याकडं बसले होते. तोरा तोरा म्हणत होते, मग आमच्या एका चाचांना आठवलं की इकडं एक जागा आहे. चहा झालाय यांचा, नाश्ता राहिलाय."

मिल्काबाईंनी त्यांचे आभार मानले आणि भाऊजींकडे असं पाहिलं की भाऊजींनी चष्मा पुसायला घेतला.

आलेल्यांत पुढारी योएल, पन्नाशीचा, शांत माणूस. बरोबर दोघे जण आणि योएलची बायको केझिया. केझियानं वाकून मिल्काबाईंच्या पायांना हात लावला. योएल हिंदीत म्हणाला, "अम्मा, माफ करना, लेट हो गया."

"तुमची चूक नाही," मिल्काबाई म्हणाल्या. "चला, लगेच उभे राहा. दहा झाले."

तेव्हा भाऊजी म्हणाले, "सात."

खोलीत कुणाला आधी कळलंच नाही. मोझेसनं बोटानं मोजून पाहिलं. "अहो हायमकाका, दहा आहेत."

"सात. हे तिघं पाहुणे आहेत. यांना कुठल्या रब्बीनं, धर्मगुरूनं, रीतसर यहुदी करून घेतलेलं नाही. मी विचारून घेतलंय. यांना दहांत धरता येणार नाही."

"भाऊजी," मिल्काबाई म्हणाल्या, "सही करताना हे बोलला नाहीत."

"सही द्यायची केली. द्यायला माझी हरकत नाही. मोजायला आहे."

"ज्याला मोजत नाही त्याला सेफेर कसा देता?"

"देणं वेगळं, मोजणं वेगळं."

"मग काल का नाही सांगितलं? मी पुण्याहून आणखी तिघांना बोलावलं असतं."

"तू विचारलं नाहीस. तू गृहीत धरलंस."

हे खरं होतं, आणि म्हणूनच मिल्काबाईंचा पारा आणखी चढला. सॅमसननं मुंबईतल्या एका जाणकारांना फोन लावला. फोन वाजत राहिला. मोझेस म्हणाला, शेवटचं वाचन आहे, डोळेझाक करू या. पुण्याच्याच दुसऱ्या एकानं मान हलवली, नको, उगाच उद्या बोल यायला नको. झालं, पुण्याचे पाच जण आपसात तीन आणि दोन झाले आणि चहा थंड करत बसले.

योएलला मराठी येत नव्हतं. पण आकडे कळत होते. तो मिल्काबाईंजवळ येऊन हळूच म्हणाला, "अम्मा, हमको गिनो मत. कोई बात नहीं. सेफेर दे दो, हम जाते हैं."

त्याचे दोन सोबती तोवर बाहेर पायरीवर जाऊन बसले होते. त्यांच्या पाठी बघून मिल्काबाईंना राहवेना.

"असं सामानासारखं नाही द्यायचं," त्या म्हणाल्या. त्यांनी कमरेची किल्ली मुठीत घेतली. "भाऊजी, या तिघांना धरल्याशिवाय मी कपाट उघडणार नाही."

"नको उघडूस."

"मग सेफेर कसा जाणार?"

"ते तू ठरव. किल्ली तुझ्याकडे आहे."

साडेअकरा वाजले. जयानं ताटावरच्या माश्या पदरानं हाकलल्या आणि मिल्काबाईंच्या कानाशी म्हणाली, "काकू, तुमी दोघं बी सारखेच हाय. म्हातारा तिकडून वढतोय, तुमी हिकडून. मधी ती मान्सं."

"तू गप बस, जया."

"बसते. पोहे आंबतील तेवडं बगा."

मिल्काबाई भाऊजींसमोर जाऊन बसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बासष्ट साली तुम्ही इस्राएलला गेला होता. तुमच्या बहिणीचं, सिमाताईंचं, लग्न आठ महिने अडवून धरलं होतं तिकडच्या रब्बींनी. तुमची आजी कोण, पणजी कोण, कुणाशी लग्न केलं, कागद दाखवा. तुम्हीच सांगितलंत मला. सिमाताई रात्रंदिवस रडायच्या. तुम्ही चिडून परत आलात, आणि आता तुम्हीच या लोकांना कागद मागता?"

भाऊजींनी काठी गुडघ्याला टेकवली. मग म्हणाले, "म्हणूनच मागतो. तुला कळत नाही. एक कागद कमी होता, तर आठ महिने गेले. उद्या कुणी म्हणेल, नगरवाले असेच, कुणालाही धरून वाचायचे. मग जे तिकडे गेलेत त्यांच्या पोरांच्या मागे लागतील. मी ते दप्तर पाहिलंय, मिल्का. तू नाही पाहिलंस."

भाऊजी दुष्टपणानं करत नव्हते, ते भीतीनं करत होते, हे मिल्काबाईंना दिसत होतं. तरी त्या म्हणाल्या, "आजच्या पाठात काय आहे? देवाच्या मंडपासाठी सोनं, चांदी, तांबं, निळं सूत, जांभळं सूत घ्या. कुणाकडून घ्या? ज्याच्या मनाला येईल त्याच्याकडून. कागद असेल त्याच्याकडून असं नाही लिहिलं."

"ते वर्गणीबद्दल आहे."

"सगळंच तुम्हाला वेगळं वेगळं दिसतं."

सॅमसननं घड्याळाकडे पाहून घसा खाकरला. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"आता धरलं काय आणि नाही धरलं काय," भाऊजी म्हणाले. "वेळ गेली."

मिल्काबाई उठल्या. अकरा वर्षं त्या एका सकाळची वाट पाहत होत्या, आणि ती सकाळ दोघांनी मिळून बडबडीत घालवली होती. अर्धी त्यांनी, अर्धी आपण. भाऊजींवरचा राग तर होताच, आता स्वतःवरचाही आला, आणि दोन्ही राग कुठे ठेवावेत कळेना. मोझेस आणि त्याची माणसं चपला शोधू लागली. पुण्याला पोचायला हवं, रस्त्याला ट्रॅफिक असतं. जाता जाता मोझेस म्हणाला, "मिल्कामावशी, वाईट वाटून घेऊ नका." त्या म्हणाल्या, "मलिदा घेऊन जा." त्यांनी प्रत्येकाच्या हातावर मलिदा घातला, पण एकाकडेही मान वर करून पाहिलं नाही.

मग त्यांनी कपाट उघडलं. योएल पुढे आला, पण त्यांनी केझियाला हाक मारली. "तू ये. उचल. डावा हात खालून, उजवा वरून. खांद्याला टेकव. जड आहे, घाबरू नको."

केझियानं मान हलवली. तिला शब्द कळले नसतील, हात कळले. सेफेर तिच्या खांद्यावर आला तसे तिचे डोळे भरले, पण मिल्काबाईंना ते बघायला सवड नव्हती. त्या भराभर सांगत होत्या आणि सॅमसन हिंदीत करून देत होता. तुमच्याकडे समुद्राची हवा, दमट. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवायचा नाही. डांबरगोळ्या घालायच्या नाहीत, कातडं पिवळं पडतं. वेखंड घालायचं, हे घे, वर्षभराचं दिलंय. तिकडे काय म्हणतात त्याला? पट्टा आवळून बांधायचा नाही, दोन बोटं जातील इतका सैल. ही मखमलीची खोळ मी शिवली आहे, दुसरी पिशवीत आहे, धुतली तर आतून अस्तर आटेल, म्हणून धुवायचीच नाही, झटकायची. केझिया दर वाक्याला "हां अम्मा" म्हणत होती आणि मधेच थांबवून विचारत होती, वेखंड म्हणजे वसा का. मिल्काबाईंना ठाऊक नव्हतं. मग केझियानं एक कांडी हुंगली आणि हसली. "वसा," ती म्हणाली. "हमारे घर में बच्चे को घिस के देते हैं."

"आम्ही पण देतो," मिल्काबाई म्हणाल्या.

मागून भाऊजींची काठी आपटली. "टेबलावर ठेवा. उलगडा."

"कशाला?"

"शिकायला दहा लागत नाहीत. आशीर्वचनं म्हणायची नाहीत, हे वाचन नव्हे. नुसतं शिकायचं. एक माणूस असला तरी चालतं."

मिल्काबाई गर्रकन वळल्या. "हे सकाळी सांगायला काय झालं होतं?"

"सकाळी वाचन करायचं होतं."

"भाऊजी, पावणेअकरापासून आपण..."

"दोन वाजायला तास-सव्वा तास आहे. भांडायचं की शिकवू दे?"

योएल टेबलापाशी उभा राहिला. बाहेर पायरीवरचे दोघे आत आले. योएलनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि भाऊजींनी ते बोट चांदीच्या सळईनं टचकन मारून बाजूला केलं. "झेरॉक्स नाही हा. घाम लागतो. सळईनं दाखव." योएलनं वाचायला सुरुवात केली. तेलुगू हेलात, दर शब्दाला अडखळत, कारण इथे स्वरांच्या खुणा नव्हत्या, झेरॉक्सवर होत्या. भाऊजी दर दोन शब्दांनी थांबवत. पुन्हा म्हण. सूर वर नेऊ नको, खाली आण. पुन्हा. भाऊजींचा आवाज फुटका झाला होता, तरी जुन्या चालीवर तो बरोबर बसत होता. मिल्काबाई नेहमीच्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. केझिया त्यांच्या शेजारी, तिच्या पलीकडे जया, मांडीवर ताट घेऊन.

पावणेदोनपर्यंत सहा ओळी झाल्या. सोनं, चांदी, तांबं, निळं सूत. सातवीला सॅमसन म्हणाला, आता निघायला पाहिजे.

सेफेर खोळीत गेला, खोळ चादरीत, चादर नव्या पिशवीत. जीप आली. योएलनं भाऊजींचा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, शनिवारी फोन करू का, सूर चुकला तर.

"शनिवारी फोन मी उचलत नाही," भाऊजी म्हणाले. "रविवारी कर."

जीप गेल्यावर गल्ली रिकामी झाली. जया स्कूटर काढायला गेली. भाऊजी काठी टेकत पायरी उतरले आणि मागे वळून बघतात, तर मिल्काबाई पायरीवरच बसलेल्या.

"चल."

"एक सांगा मला. परवा तिकडे ती चाळीस घरं सेफेर काढतील, आशीर्वचनं म्हणून वाचतील. ते वाचन झालं असं तुम्ही धराल की नाही?"

"तिकडचं तिकडे."

"म्हणजे धराल की नाही?"

"ऊन लागतंय, मिल्का."

"मला नाही लागत."

भाऊजींनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. जयाची स्कूटर कोपऱ्यावर फुरफुरत होती. मग ते परत आले, कठड्याला धरून हळूहळू वाकले आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर त्याच पायरीवर बसले. मिल्काबाई उठल्या नाहीत.

"काकू," जयानं लांबून हाक मारली, "पेट्रोल जळतंय."

"बंद कर गाडी," मिल्काबाई म्हणाल्या. "वेळ लागेल."